‘बाळ झोपले असेल’ हे उत्तर पुरेसे आहे का?

चर्चेचा प्रस्ताव

दिवस भरत आलेली स्त्री ‘आज बाळ फारसे फिरले नाही’ असे म्हणते, तेव्हा जवळची माणसे ‘झोपले असेल’ असे सांगून तिची समजूत काढतात. गर्भाच्या झोपेविषयी जे ठाऊक आहे, त्याच आधारावर माझा या वाक्याला आक्षेप आहे. १९८२ साली नायहाउस, प्रेश्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाचे ठोके, डोळ्यांची हालचाल आणि अंगाची हालचाल एकत्र नोंदवून गर्भाच्या चार अवस्था मांडल्या. शांत झोप, चळवळी झोप, शांत जागेपण आणि सक्रिय जागेपण अशा या अवस्था साधारण ३६ ते ३८ आठवड्यांपर्यंत स्थिरावतात. शांत झोपेत डोळे स्थिर असतात, ठोक्यांत चढउतार कमी असतो आणि बाळ एखाद्या दचकण्यापलीकडे हलत नाही; पण ही झोप बहुधा २० ते ४० मिनिटांचीच असते आणि दीड तासापलीकडे क्वचितच लांबते. चळवळी झोपेत तर बाळ झोपेतच हातपाय हलवते. मग अख्ख्या दुपारच्या शांततेचे कारण झोप कसे असेल?

प्रतिसाद १

आपली काळजी मला समजते, पण ती पसरवण्याचीही किंमत असते. हालचालींबाबतची जागरूकता आणि ठरावीक तपासण्या यांचा एकत्रित परिणाम ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक गर्भारपणांत पाहण्यात आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या ‘अफर्म’ चाचणीत मृतजन्मांमध्ये ठोस घट दिसली नाही. कृत्रिमरीत्या कळा आणण्याचे आणि सिझेरियनचे प्रमाण मात्र वाढले. शिवाय वार (गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणारा अवयव) पुढच्या बाजूला असेल किंवा आई कामात असेल, तर हालचाल होऊनही जाणवत नाही.

प्रतिसाद २

मला ‘जागेपण’ हा शब्दच मान्य नाही. ॲडेनोसिन हे झोप आणणारे रसायन आणि वारेत तयार होणारी काही संप्रेरके गर्भाच्या मेंदूला सतत गुंगीत ठेवतात, म्हणून गर्भ जन्मापूर्वी खऱ्या अर्थाने जागा होतच नाही, असा युक्तिवाद मेलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली केला, आणि मला तो पटतो.

प्रस्तावकर्तीचे उत्तर

तो युक्तिवाद खरा असेल, तर माझे म्हणणे अधिकच बळकट होते. बाळ सदैव झोपलेले असूनही रोज फिरत असेल, तर त्याच्या न फिरण्याचे कारण ‘झोप’ हे असूच शकत नाही. अफर्मचा निष्कर्ष मी नाकारत नाही, परंतु तेथे पारखली गेली ती एक संपूर्ण कार्यपद्धती. शंका आलेल्या स्त्रीने गप्प बसावे, असे त्यातून निघत नाही.

प्रतिसाद १, पुन्हा

गप्प बसावे असे मी म्हटलेले नाही. आधी डाव्या कुशीवर शांत पडून हालचालीकडे लक्ष द्यावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

प्रस्तावकर्तीचे उत्तर

अवश्य पडावे, मात्र रोजच्यापेक्षा कमी फिरते आहे हे तिला आधीच जाणवले असेल, तर कुशीवर पडण्यापूर्वी प्रसूतिगृहाला फोन करावा.