अनुभव धागा: बाजाराला लागून असलेल्या हॉटेलातला नाश्ता

बार्देसची_माहेरवाशीण
काल बहिणीनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा फोटो पाठवला. मोयऱ्याची केळी, अळसांद्यांचे (चवळीसारखं कडधान्य) ढीग, आणि मागे कोपऱ्यात ती ओळखीची पाटी. मी इथे ठाण्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, त्या चुकल्या. वरणाचं पिठलं झालं.

त्या हॉटेलात आजोबा न्यायचे. मालक उजाडायच्या आत पिशवी घेऊन बाजारात उतरायचा नि जे बरं मिळेल त्यावर त्या दिवसाची भाजी ठरायची. मेनूबिनू काही नाही. "आयज कितें आसा?" असं विचारायचं. फेब्रुवारी-मार्चात नवे अळसांदे आले की तोणाक, म्हणजे वाटण लावलेली रस्सा उसळ. नवे असले की साल जिभेला लागत नाही, रस्साही आपोआप दाट होतो. पोदेरानं, म्हणजे पाववाल्यानं, टाकलेली गरम पोळी फाडली की बोटांना कोंडा लागायचा, तो आजोबा धोतराला पुसायचे आणि घरी आजीचं बोलणं खायचे.

एकदा मी बटाट्याच्या भाजीसाठी हट्ट धरला. मालक म्हणाला, "बाय, आयज बटाटे बरे मेळूंक नात." गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण वाईट बटाटा कढईत पडणार नाही! मी रडले, मग तोणाकच दोनदा घेतलं.

तुमचं लिहा. 'फार्म फ्रेश' पाटीवाली कॅफे नकोत.

चहाबाज
पोळी फाडली म्हणजे? चपाती??

बार्देसची_माहेरवाशीण
गोव्याची पोळी हो. कोंड्याचा पाव, आतून पोकळ.

वऱ्हाडी_ठेचा
हिवाळा, नागपूर, सांबारवडी. बाकी चर्चा बंद.
मालकाच्या पायाशी सांबाराच्या जुड्यांचा डोंगर, दोन बाया नुसत्या निवडत बसलेल्या. वडीत सारण इतकं की पहिल्या घासाला अर्धं शर्टावर.

सदाशिवपेठी
मी पहिल्यांदा मागवली तेव्हा सांबारात बुडवलेली वडी येणार म्हणून चमचा धरून बसलो होतो.

वऱ्हाडी_ठेचा
😂 कोथिंबीर हो भाऊ. आमच्याकडे तिलाच सांबार म्हणतात. वरून कढी घेतली का नाही?

सदाशिवपेठी
घेतली. तीनदा. आमच्या मंडईजवळ मात्र नाश्ता म्हटलं की मटार उसळ. डिसेंबरात समोर गोणी सोललेली दिसली तरच खावी. एका ठिकाणी (नाव घेत नाही) जूनमध्ये हिरवागार मटार! विचारलं तर म्हणे ताजा आहे. फ्रीजमधून ताजा काढला असेल.

उमा_पी
मुलाची बस आली, नंतर लिहिते

रंकाळ्याकाठी
कोल्हापूर, गंगावेश. म्हशी समोर उभ्या, धार काढायची आणि ग्लास थेट हातात. फेसाच्या मिश्या पुसत निघायचं. हॉटेल नाही, कट्टा आहे, पण याहून ताजं कोणी दाखवावं.

चहाबाज
कच्चं दूध? पोटाचं काय?

रंकाळ्याकाठी
पोट कोल्हापूरचं आहे.

परदेशी_पाहुणा
ऑफिसच्या कामानं टोकियोला गेलो होतो. माशांचा लिलाव २०१८ साली त्सुकिजीहून टोयोसूला हलला, पण त्सुकिजीचा बाहेरचा बाजार जागेवरच आहे. मी अंडं खाणारा शाकाहारी. काडीला खोचलेलं गरम तामागोयाकी घेतलं, आमलेटच, पण गोड. समोर चौकोनी तव्यावर गुंडाळी करत होते. दोन खाल्ली. सगळ्या दौऱ्यात तेवढाच नाश्ता बिनधास्त केला.

सदाशिवपेठी
त्यात बहुतेक दाशी घालतात. माशाचा अर्क.

परदेशी_पाहुणा
हे तुम्ही मला आज सांगताय.

डिचोलीकर
अळमी, म्हणजे रानातली अळंबी, कोणीच कशी आठवली नाहीत? पावसाळ्यात वारुळावर उगवतात ती. रस्त्याकडेला पानात मोजून विकतात, भाव ऐकून आम्ही पुढे जातो आणि दहा पावलांवरून परत येतो. आमच्या नाक्यावरचा हॉटेलवाला एखाद्या सकाळी त्यांची शागोती (मसाल्याचा रस्सा) करायचा, नऊच्या आत संपायची. आता रानात मुळापासून उपटतात, वारूळही खणतात. पुढच्या वर्षी काय मिळणार, कपाळ!

बार्देसची_माहेरवाशीण
हो हो!! आजोबा अळमी मिळाली की मला शाळेला दांडी मारायला लावायचे. आईला अजून माहीत नाही.

उमा_पी
आले. बस गेली, डबा ओट्यावरच राहिला 🤦 आता द्यायला जाणार. नाश्त्याचं राहू दे, फोटोतली मोयऱ्याची केळी बन्सला (केळं घालून तळतात ते) चालतील का?

डिचोलीकर
नको, ती उकडून खायला नाहीतर फिगादीला, म्हणजे केळ्याच्या गोड वडीला. बन्सना साधी केळी, पण साल काळं पडलेली.

उमा_पी
माझे फुगतच नाहीत. दगड.

बार्देसची_माहेरवाशीण
पीठ रात्रभर ठेवता का? दही, चिमूटभर सोडा, जिरं, आणि सकाळी जाडसर लाटायचं. पातळ लाटलंत तर पुरी होते.

उमा_पी
मी पातळच लाटते. बरं, डबा देऊन येते.