लपवण्यात वाटेकरी असतो

जात लपवण्यासाठी आडनाव बदलून राहणाऱ्यांना एकाने 'भित्रे' म्हटलं आहे, म्हणून लिहितोय. १९१७ सालचं बडोदं आठवा. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले आंबेडकर गायकवाड सरकारच्या नोकरीवर रुजू व्हायला तिथे पोचले, आणि राहायला जागा मिळेना! शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तिथल्या रखवालदाराला हे पारशी नाहीत हे पक्कं ठाऊक होतं. धर्मशाळा ओस पडलेली, रोजचा दीड रुपया येतोय म्हटल्यावर त्याने डोळेझाक केली. म्हणजे लपवणारा एकटा नसतो. ज्याला त्यातून चार पैसे सुटतात, तोही त्या नाटकात असतो.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला घोळका दारात आला. तू कोण, असं विचारत संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा दम दिला. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, तिथेही सोय झाली नाही. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत ते कमाठी बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आता या माणसाला भित्रा म्हणणार का?

आजही भाड्याची खोली बघायला गेलं की मालकीणबाई आधी गोड आवाजात विचारतात, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नुसतं पहिलं नाव सांगून भागत नाही. मग "तुमच्यात नॉनव्हेज चालतं का हो?" नेमकं काय विचारलं जातंय, ते दोघांनाही कळलेलं असतं.