३ किलोवॅटची जुनी सोलर यंत्रणा: पावसानंतर आयसोलेशन फॉल्ट, युनिट घटली, नवीन पॅनेल वाढवावीत का?

गच्चीवरचा:
चिपळूणला २०१६ साली बसवलेली ३ किलोवॅटची ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेली) यंत्रणा आहे. २५० वॅटची १२ पॉली पॅनेल (६० सेलची) एकाच सिरीजमध्ये (एकापाठोपाठ जोडून), लांब बाजू उभी ठेवून बसवलेली. सिंगल फेज इन्व्हर्टर, एकच एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं इनपुट), महावितरणचं नेट मीटर. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १२ युनिट यायची, यंदा ८ वर अडकली. जूनपासून पाऊस पडून गेला की सकाळी 'आयसोलेशन फॉल्ट' दिसतो आणि अकराच्या सुमारास ऊन आलं की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो. उघडीप असली की भर दुपारी अधूनमधून 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' (लाइनचं व्होल्टेज जास्त).

कंत्राटदार म्हणतो, पॅनेल म्हातारी झाली, याच लाइनमध्ये ५५० वॅटची ४ नवीन जोडू. जुन्या पॅनेलचं लेबल: व्हीओसी (काही न जोडता येणारे व्होल्ट) ३७.६, व्हीएमपी (पूर्ण क्षमतेने चालतानाचे व्होल्ट) ३०.४, आयएससी (शॉर्ट केल्यावरचा करंट) ८.८, आयएमपी (चालतानाचा करंट) ८.२. इन्व्हर्टरवर लिहिलंय: कमाल डीसी ५५० व्होल्ट, ११ अँपिअर. काय करावं?

मेगरवाला:
वयाचं कारण पटण्यासारखं नाही. पॉली पॅनेल वर्षाला साधारण पाऊण टक्का उतरतं. इतक्या वर्षांत १२ ची ११ व्हावीत, ८ नाही. तुमच्या तीन तक्रारींची कारणंही बहुधा तीन आहेत, तेव्हा एकेक सोडवा.

आधी आयसोलेशन. सुरू होण्याआधी इन्व्हर्टर डीसी वायर आणि अर्थिंग यांच्यातला रोध मोजतो. कुठेतरी ओल शिरली की तो घसरतो, वाळलं की सुधारतो. म्हणून तपासणी ओलं असतानाच करा, कोरड्या दुपारी काहीच सापडणार नाही.

एसी एमसीबी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडचा स्विच) बंद. क्लॅम्पमीटरवर डीसी करंट शून्य दिसल्याशिवाय एमसी४ (पॅनेलच्या वायरींचे प्लगसारखे जोड) उघडू नका, चालू करंटवर उघडलात तर आर्क बसतो आणि तो विझत नाही. स्ट्रिंग (पॅनेलची अख्खी माळ) इन्व्हर्टरपासून सोडवा, डीसीडीबीतल्या (डीसी वायरींच्या डब्यातल्या) एसपीडीची (विजेच्या लाटेपासून वाचवणाऱ्या उपकरणाची) कार्ट्रिज काढा. आता १००० व्होल्टच्या मल्टीमीटरने तीन रीडिंग घ्या: प्लस-मायनस, प्लस-अर्थ, मायनस-अर्थ. लाइन निरोगी असेल तर अर्थची दोन्ही रीडिंग शून्याकडे ओघळत जातात. ती ठाम राहिली तर गळती आहे, आणि जागाही कळते. समजा एकूण ४२०, प्लस-अर्थ २८०, मायनस-अर्थ १४०. एका पॅनेलचे ३५ व्होल्ट धरले तर १४० म्हणजे ४ पॅनेल. मायनसकडून चौथ्या आणि पाचव्या पॅनेलमधला जोड पाहायचा.

तिथे बहुतेक वेळा केबल टाय तुटून ओल्या स्लॅबवर पडलेला एमसी४ असतो. नाहीतर खारीने कुरतडलेली वायर, जंक्शन बॉक्सचं सैल झाकण किंवा तडकलेली बॅकशीट (पॅनेलच्या पाठीचा थर). एसपीडी काढल्याबरोबर गळती गेली तर दोषी एसपीडीच. एमसी४ ला टेप गुंडाळून भागवू नका. कापून नवा बसवा, दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे घ्या आणि क्रिम्पिंग टूलनेच दाबा. पकडीने दाबलेला जोड पुढे तापतो. शेवटी ५०० व्होल्टवर मेगर करा (मेगर यंत्राने वायर-अर्थ रोध मोजा), किमान १ मेगाओहम हवा. मेगरच्या वेळीही इन्व्हर्टर आणि एसपीडी सोडवलेलेच ठेवा.

वायरमन_सांगली:
युनिट का घटली ते कळायला निरभ्र दुपारी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर डीसी व्होल्ट आणि अँपिअर बघा. व्होल्ट कमी आणि करंट ठीक असेल तर बायपास डायोड (पॅनेलचा झाकोळलेला भाग वगळून करंट पुढे नेणारे, प्रत्येक पॅनेलमध्ये तीन) शॉर्ट झालेत. व्होल्ट ठीक, करंट कमी, तर घाण किंवा सावली.

माझा संशय घाणीवर. कोकणात पॅनेलच्या खालच्या फ्रेमला पाणी साचतं, तिथे शेवाळ धरतं. पॅनेल उभं असेल तर सगळ्यात खालची ६ सेलची ओळ तिन्ही डायोडच्या गटांत वाटलेली असते. बोटभर रुंदीचा पट्टाही अख्ख्या पॅनेलचा करंट पाडतो. पहाटे, काच गार असताना, भिजवून मऊ नायलॉन ब्रशने काढा. तापल्या काचेवर गार पाणी नको, ॲसिड आणि तारेची घासणी तर नकोच. गेल्या काही वर्षांत वाढलेलं झाड किंवा नवी टाकी सावली टाकते का, तेही पाहा.

डायोड तपासायचे तर एकेक पॅनेल सुटं करून मोजा. तापलेल्या पॅनेलवर ३३-३४ व्होल्ट यावेत. २२ आले तर एक डायोड शॉर्ट, ११ आले तर दोन. पण एक डायोड म्हणजे एकूण उत्पादनाचा ३६ वा भाग, नुसत्या एकदोन डायोडने ४ युनिट जाणार नाहीत.

ओव्हरव्होल्टेजसाठी दुपारी इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर आणि मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज घ्या. मीटरपाशीच २५० च्या वर असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमीजास्त करणारी जोडणी) त्यांनीच बदलायचा. फरक मोठा असेल तर वायर बारीक आहे किंवा न्यूट्रल सैल. २.५ चौरस मिमी तांब्याच्या ३० मीटर वायरवर १३ अँपिअरला जाऊन-येऊन जवळपास ६ व्होल्ट वाढतात, ६ चौरस मिमीवर अडीच. इन्व्हर्टरची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवून देणारे भेटतील, त्यांना नकार द्या.

हिशेबी:
कंत्राटदाराचा बेत धोक्याचा आहे. जुन्या १२ पॅनेलचा व्हीओसी ४५१ व्होल्ट. ५५० वॅटच्या पॅनेलचा साधारण ४९.५, म्हणजे चारांचे १९८. बेरीज ६४९, आणि इन्व्हर्टर ५५० चा! पहिल्याच उन्हात इनपुट जळू शकतं. ते टळलं तरी सिरीजमध्ये करंट सगळ्यात कमी पॅनेलचा, म्हणून १३ अँपिअरचं नवीन पॅनेल ८.२ वर चालेल आणि ५५० ऐवजी ३४० वॅटच देईल. पॅरललही जमत नाही, चालताना जुन्या बारांचे ३६५ व्होल्ट आणि नवीन चारांचे १६६.

वाढवायचंच असेल तर दोन एमपीपीटीचा ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर घ्या. एका इनपुटला जुनी १२, दुसऱ्याला नवीन ४. दुसऱ्या इनपुटचा करंट किमान १४ अँपिअर हवा आणि एमपीपीटी १५० व्होल्टच्या बराच खाली उतरणारा हवा, कारण उन्हात १६६ चे १५० होतात. एसी बाजूला २२ अँपिअर येतील, तेव्हा ३२ चा एमसीबी आणि ३० मीटरला १० चौरस मिमी तांबं.

मंजूर भार (महावितरणने तुम्हाला मंजूर केलेले किलोवॅट) आधी बघा. सोलर त्यापेक्षा जास्त असेल तर भारवाढ आणि महावितरणची परवानगी लागेल. २०२४ च्या नियमबदलानंतर १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, अर्ज मात्र लागतोच. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटलाच थांबतं (७८,००० रुपये), ते हिशेबात धरू नका. नवीन पॅनेल सव्वादोन मीटर लांब, २८ किलोच्या आसपास. जुन्या स्ट्रक्चरच्या पट्ट्या त्याच्या क्लॅम्पच्या जागी येणार नाहीत, तिथल्या वाऱ्याला वेगळं स्ट्रक्चर धरा.

गच्चीवरचा:
मंजूर भार ३ किलोवॅटच आहे. मग आधी शेवाळ आणि एमसी४, वाढीचं नंतर.