मदत हवी आहे: विनापरवाना ड्रोनवाल्यांच्या निम्म्या दरापुढे ग्राहकाला काय सांगायचं?

नमस्कार मंडळी,

ड्रोनने बांधकाम साइट आणि खाणींची मोजणी करणं हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. परवाना आहे, विमा आहे, प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो. तरीही गेल्या काही महिन्यांत कामं हातातून जाताहेत. आधी घडलं ते सांगतो, मग विचारतो.

एका साइटवर दीड वर्ष दर महिन्याला माझं उड्डाण असायचं. किती माती खोदली, किती भराव टाकला याचे आकडे काढून द्यायचे, त्यावर त्यांच्या कंत्राटदारांची बिलं निघायची. गेल्या महिन्यात हे काम त्यांनी दुसऱ्या एका मुलाला दिलं. दर माझ्या निम्म्याहून कमी. परवाना नाही, हे त्यांनाही माहीत. साइट मॅनेजरने मला तोंडावर विचारलं, "ड्रोन तोच, कॅमेरा तोच, मग तुम्हाला जास्त कशाचे द्यायचे?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते अजून मनाला लागून आहे.

माझे जमिनीवरचे मार्कर (मोजणीसाठी मांडलेल्या खुणा) काढून आणायला गेलो तो नेमका त्या मुलाच्या पहिल्या उड्डाणाचा दिवस होता. ड्रोन इमारतीच्या मागे गेला आणि सिग्नल तुटला. असं झालं की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर जातो आणि निघालेल्या जागी आपोआप परततो. ती उंची आजूबाजूच्या सगळ्यात उंच वस्तूच्या वर ठेवायची असते. त्याने तिला हातच लावला नव्हता, आणि टॉवर क्रेन त्याहून बरीच उंच. क्रेनच्या आडव्या हाताखालून, लोंबणाऱ्या वायर रोपच्या अगदी शेजारून ड्रोन आला. खाली सळया बांधणारे सहा-सात जण वाकून काम करत होते. मुलगा स्क्रीनकडे बघत "येतोय, येतोय" म्हणत होता, वर त्याने एकदाही पाहिलं नाही. उतरल्यावर सगळे म्हणाले, आला की व्यवस्थित! माझे हात मात्र गार पडले होते.

मुलगा वाईट नाही, हे सांगायलाच हवं. हात चांगला आहे, शिकायची हौस आहे. त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही.

चार दिवसांनी त्याच मॅनेजरचा फोन. आकडे जुळत नाहीत, जरा बघून देता का? फोटो उघडले तर सुरेख होते, खोटं कशाला बोलू. पण त्यांतून बनवलेला पृष्ठभाग (जमिनीच्या चढउतारांचा संगणकावरचा नकाशा) माझ्या मागच्या महिन्याच्या पृष्ठभागावर ठेवला, तर साइटच्या कडेचा डांबरी रस्ता दोन मीटर खाली गेलेला! त्या रस्त्याला कुणी कुदळही लावलेली नाही. साध्या जीपीएसवर उंचीत काही मीटरची चूक सहज पडते. म्हणूनच मी दर वेळी मार्कर मांडून त्यांची जागा आणि उंची वेगळ्या उपकरणाने सेंटिमीटरपर्यंत मोजतो, आणि त्यांना धरून सगळं बसवतो. अर्धा दिवस त्यातच जातो. ग्राहकाला दिसतं ते फक्त वीस मिनिटांचं उड्डाण.

परवान्याबद्दल बोलायला गेलं की "आमचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, त्याला काही लागत नाही" असं ऐकायला मिळतं. हे सरसकट खरंही नाही आणि खोटंही नाही. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. अमेरिकेत व्यवसायासाठी उडवायचा तर वजन कितीही कमी असो, परवाना लागतोच. युरोपात ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झालेले नियम पैसे घेता की नाही हे विचारतच नाहीत. वजन किती आणि माणसांपासून अंतर किती, यावर ठरतं. त्यामुळे समोरच्याला "बेकायदा" म्हणण्याआधी मी नियम दोनदा वाचतो. या मुलाचा ड्रोन मात्र त्या वजनाच्या बराच वरचा आहे.

आणि हलका म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला असाच एक छोटा ड्रोन धडकला आणि पंखाला भोक पडलं. आग पेटलेली असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर ठेवावं लागलं. उडवणाऱ्याने तो अडीच किलोमीटरपलीकडे नेला होता आणि तो त्याच्या नजरेआड गेला होता. तो हौसेखातर उडवत होता, धंद्यासाठी नाही, पण डोळ्यांसमोर ठेवायचा नियम का आहे ते यावरून कळतं.

आता विचारायचं ते. त्याचे फोटो मी सावरून द्यावेत का? माझ्या जुन्या मोजणीतले न हललेले बिंदू आहेत, रस्ता आहे, जोत्याचे कोपरे आहेत. त्यांना धरून काम बऱ्यापैकी निभावेल. पण मग पुढच्या महिन्यापासून स्वस्तात उड्डाण त्याचं आणि निस्तरणं माझं, असा पायंडा पडेल. शिवाय त्या आकड्यांना जबाबदार कोण, हे कुठेच लिहिलेलं नसेल.

दुसरं, तक्रार करावी का? क्रेनखालची ती माणसं आठवली की करावीशी वाटते. पण तक्रार केली तर माझं काम गेलं म्हणून केली, असंच सगळे म्हणतील, आणि मुलगा पोटापाण्याला मुकेल.

भर (दोन दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्यापैकी एकाने सुचवल्याप्रमाणे रस्त्याचे दोन महिन्यांचे छेद (उंची दाखवणाऱ्या रेषा) एकाच कागदावर छापून मॅनेजरपुढे ठेवले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे या महिन्याची बिलं कशावर काढायची?" क्रेनचा प्रसंगही सांगितला. त्यांना तो माहीतच नव्हता.

मुलाशीही बोललो. परवान्याचा अभ्यास करायची तयारी आहे त्याची. तोवर माझ्यासोबत निरीक्षक म्हणून उभा राहील, म्हणजे माझे डोळे स्क्रीनवर असताना त्याचे ड्रोनवर राहतील. त्यामुळे तक्रारीचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे.

गुरुवारी त्यांच्याकडे बैठक आहे, नवं दरपत्रक मागितलंय. त्यात उड्डाण, मार्करची मोजणी आणि विमा असे वेगळे आकडे दाखवावेत, की एकच रक्कम लिहावी? वेगळं दाखवलं तर "मार्कर काढून टाका, तेवढे पैसे कमी करा" म्हणतील अशी भीती वाटते. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया बुधवारपर्यंत सांगा.