मदत हवी आहे: अरेबिका कॉफीच्या फुलांना सुगंध कशासाठी?

इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगरी जंगलांत, उंच वृक्षांच्या सावलीत, अरेबिका कॉफी आजही रानटी झुडपाच्या रूपात वाढते. कोरड्या दिवसांत सुप्त राहिलेल्या तिच्या कळ्या चांगला पाऊस पडून गेल्यावर काही दिवसांनी एकदमच उमलतात आणि जाईची आठवण करून देणारी ती पांढरी फुले लवकरच कोमेजतात. कॅनेफोरा व युजेनिऑइडिस या तिच्या दोन्ही पूर्वज जातींना फळधारणेसाठी दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. अरेबिकाला मात्र स्वपरागण पुरते. मग सुगंध आणि मकरंद यांवरचा खर्च तिने का सोडला नाही? पूर्वजांचा वारसा, एवढेच उत्तर मला अपुरे वाटते, कारण मधमाश्यांच्या भेटींमुळे तिची फळधारणा वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. रानटी झुडपांतील परपरागणाविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.