मदत हवी आहे: मिक्सरवर आवाज नेमका कुठून वाढवायचा? गेन, फेडर, मास्टर की स्पीकर?

आमच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये साऊंड मी बघतो. साधा अ‍ॅनालॉग मिक्सर आहे. चार डायनॅमिक माईक, एक कीबोर्ड, दोन पॉवर्ड स्पीकर (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) आणि गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्यासमोर एक मॉनिटर स्पीकर.

मुख्य गायिकेचा फेडर (तिच्या चॅनेलची सरकपट्टी) जवळजवळ तळाशी असतानाही तिचा आवाज मोठा येतो आणि जरा वर सरकवला की एकदम उसळतो. वरच्या पट्टीत तो फाटतो, पण मास्टरच्या (सगळ्यांच्या एकत्र आवाजाच्या) मीटरवर लाल दिवा लागत नाही. दुसरा गायक हळू गातो. त्याचा फेडर पूर्ण वर नेला तरी तो कीबोर्डखाली दबतो, फक्त सूं सूं वाढते. आणि मॉनिटर थोडा वाढवला की शिट्टी!

आवाज वाढवायच्या चार जागा आहेत. कुठली आधी, कुठली नंतर? गायक मनापासून मेहनत घेतात, ती लोकांपर्यंत नीट पोचावी एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद १

गायिकेच्या चॅनेलचा गेन (माईकचा सिग्नल आत येतानाच वाढवणारं बटण) फार जास्त आहे आणि दुसऱ्या गायकाचा फार कमी. सिग्नल मास्टरच्या कितीतरी आधी, प्रीअँपमध्येच (गेनचं बटण जिथे काम करतं त्या पहिल्या टप्प्यात) फाटतोय, म्हणून मास्टरचा मीटर काही दाखवत नाही. तिच्या चॅनेलवरचा क्लिपचा दिवा (सिग्नल फाटू लागला की लागतो) बघा.

माईकमधून काही मिलिव्होल्टच येतात. त्यांना मिक्सरच्या कामाच्या पातळीवर, म्हणजे +४ डीबीयू (साधारण १.२३ व्होल्ट) च्या आसपास आणणं हे गेनचं काम. कोण किती मोठं ऐकू यावं हे फेडरनं ठरवायचं.

सगळे फेडर आणि स्पीकर खाली, इक्वलायझर मध्यावर. एका चॅनेलचं पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर दाखवणारं बटण) दाबा आणि गायिकेला गाण्यातला सर्वात जोरकस भाग गायला सांगा, माईक नेहमी धरते तितक्याच अंतरावर. नुसतं 'हॅलो, चेक' पुरत नाही, प्रत्यक्ष गाताना आवाज बराच चढतो. मीटर ० च्या आसपास खेळावा, जोरात +६ पर्यंत गेला तरी चालेल, क्लिपचा दिवा मात्र लागू नये. सगळे चॅनेल असे झाले की फेडर आणि मास्टर ० च्या खुणेवर आणा, आणि मग स्पीकरमागचं बटण हॉलला पुरेल इतकं हळूहळू वाढवा. ० च्या आसपास फेडर बोटभर सरकवला तर थोडेच डीबी (डेसिबल) बदलतात, तळाशी तेवढ्याच अंतरात वीस-वीस डीबी. तुमचा आवाज उसळतो तो त्यामुळे.

हळू गाणाऱ्याला आधी माईक जवळ घ्यायला सांगा. अंतर निम्मं झालं की जवळपास ६ डीबी फुकट मिळतात. कीबोर्डचं स्वतःचं व्हॉल्यूम पाऊणपर्यंत ठेवून लाईन इनपुटमध्ये द्या, गेन कमी.

प्रतिसाद २

शिट्टीबद्दल: जो गात नाही त्याचा माईक म्यूट करा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला उरलेली जागा सुमारे ३ डीबीनं घटते. चारही माईकवर ८०-१०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खर्जातले आवाज कापणारा फिल्टर) लावा. कार्डिऑइड माईक (समोरून ऐकणारा, मागून जवळजवळ बहिरा) असेल तर मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीच्या दिशेला हवा. सुपरकार्डिऑइड मागूनही थोडं ऐकतो, त्यासाठी मॉनिटर जरा बाजूला, तिरका.

धागाकर्ता

खूप आभार! चॅनेलचा क्लिप दिवा खरंच लागत होता. गेन उतरवला आणि फाटणं थांबलं, फेडरही हाताशी आला. पण आता गायिका म्हणते, मॉनिटरमध्ये तिला स्वतःचा आवाज कमी येतो. मॉनिटरला तर मी हातही लावला नाही.

प्रतिसाद १

मॉनिटरचा ऑक्स (चॅनेलचा आवाज मॉनिटरकडे पाठवणारं बटण) सहसा प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा सिग्नल घेणारा असतो. फेडरचा त्यावर परिणाम नाही, गेनचा होतो. जितका गेन उतरवला तितकं तिच्या चॅनेलवरचं ऑक्सचं बटण वाढवा. पुढच्या वेळी गेन आधी पक्का करा, मॉनिटर नंतर. कार्यक्रम सुरू झाल्यावर क्लिपचा दिवा लागल्याशिवाय गेनला हात लावू नका.