हायड्रोजनेशन स्लो झालं की आधी कॅटॅलिस्टलाच शिव्या?

प्रेशर वाढवा म्हणजे हायड्रोजनेशन (पदार्थाची हायड्रोजन गॅसशी रिॲक्शन, कॅटॅलिस्ट म्हणजे ती वेगाने घडवणारा पदार्थ वापरून) पटकन होईल असं म्हणतात, चूक नाहीये ते, पण आधी बघा हायड्रोजन लिक्विडमध्ये विरघळतोय का, कारण तो मुळात कमीच विरघळतो. साधी टेस्ट, ढवळणीचा आरपीएम वाढवा, रिॲक्शनचा रेट वाढला तर घोडं मास ट्रान्सफरवर, म्हणजे गॅस लिक्विडमध्ये जाण्यावर अडलंय, कॅटॅलिस्टवर नाही.

आमच्याकडे गॅस इंड्यूसिंग इम्पेलर (गॅस ओढून घेणारा ढवळणीचा पंखा) होता, म्हणजे शाफ्ट पोकळ, वरची भोकं हेडस्पेसमध्ये (लिक्विडच्या वरच्या गॅसच्या जागेत), खाली इम्पेलर फिरला की तिथलं प्रेशर पडतं आणि वरचा गॅस आपोआप खाली ओढला जातो. एकदा कुणीतरी हुशारी करून बॅच थोडी जास्त भरली, लेव्हल वाढली आणि सक्शनच बंद! प्रेशर गेजचा काटा ढिम्म, म्हणजे हायड्रोजन वापरलाच जात नव्हता, दोन शिफ्ट सगळे कॅटॅलिस्टला शिव्या घालत बसलेले :)

आणि हो, हीट विसरू नका, नायट्रोबेंझीनचं ॲनिलीन करताना मोलमागे ५०० किलोज्यूलच्या आसपास निघते. १ लिटरचा ऑटोक्लेव्ह (प्रेशरखाली चालणारं बंद भांडं) त्याच आकारात ५००० लिटरचा केला तर दर लिटरमागे जॅकेटचा (भांड्याबाहेरच्या थंड करणाऱ्या आवरणाचा) एरिया साधारण १७ पटीने कमी होतो, मग आत थंड पाण्याची कॉइल टाका नाहीतर बाहेर एक्स्चेंजर लावून लूप फिरवा.